नवीन बोर्ड गेमचा रिव्ह्यू कसा लिहायचा, आणि डिलक्स एडिशन मागायचीच तर नेमकं काय मागायचं

घरात चार-पाच मॉडर्न बोर्ड गेम जमले की दोन गोष्टी आपोआप सुरू होतात. एक म्हणजे ओळखीतलं कोणीतरी विचारायला लागतं की अमुक गेम आलाय म्हणे, घेऊ का, पैसे वसूल होतील का. आणि दुसरी म्हणजे आपल्यालाच रात्री अकरा वाजता डाव आवरताना वाटायला लागतं की ही पुठ्ठ्याची नाणी जाऊन धातूची यायला पाहिजेत यार. पहिल्यातून रिव्ह्यू लिहिणं सुरू होतं, दुसऱ्यातून डिलक्सची विशलिस्ट. नवीन लोक ह्या दोन गोष्टी वेगळ्या धरतात, रिव्ह्यू म्हणजे अभ्यास आणि डिलक्स म्हणजे चैन, पण माझ्या मते दोन्हीला वही एकच लागते. खेळताना हात कुठे अडला, कुठे चुकून धक्का लागला, कुठली वस्तू उगाचच हातात घेऊन बसावीशी वाटली हे ज्याने टिपलं त्याचा रिव्ह्यूही कामाचा होतो आणि त्याच्या डिलक्सच्या मागणीलाही वजन येतं. "कसला भारी बॉक्स आहे" एवढं तर कोणीही लिहितं.

तर सुरुवातीपासून सांगतो.

पायरी १: नवीन म्हणजे खरंच नवीन आहे का ते बघा

बोर्ड गेमच्या जगात वर्षाला दोन मोठे धमाके असतात. अमेरिकेत इंडियानापोलिसला जेन कॉन, साधारण जुलैअखेर किंवा ऑगस्टमध्ये, आणि ऑक्टोबरमध्ये जर्मनीत एसेनला श्पील, जी १९८३ पासून भरते आहे. बहुतेक पब्लिशर आपले नवे गेम ह्या दोन जत्रांच्या आसपास काढतात. मधे उन्हाळ्यात श्पील देस यारेसची नॉमिनेशन येतात आणि जुलैमध्ये निकाल. हे जर्मन बक्षीस १९७९ पासून आहे, आणि थोड्या जड, म्हणजे जास्त डोकं लावायला लागणाऱ्या, गेमसाठीचं केनरश्पील २०११ पासून. ह्या तारखा माहीत असल्या की कोणत्या महिन्यात कशाची चर्चा सुरू होणार ते कळतं.

पण आपल्याकडे दुकानात तो गेम यायला कित्येक महिने जातात, कधी वर्षही. त्यामुळे एसेनचे गेम एसेनच्याच आठवड्यात कव्हर करायच्या नादाला लागू नका, ते तिकडचे लोक करतातच. मराठी वाचकाला नवीन म्हणजे जे आत्ता पुण्या-मुंबईच्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळायला लागलंय ते. तेवढं धरलंत तरी पुष्कळ काम आहे.

आणि बॉक्सवर "नवीन" दिसलं तरी इतिहास तपासा. बोर्डगेमगीक ही साइट २००० सालापासून आहे, तिथे जवळपास प्रत्येक गेमचं पान सापडतं, डिझायनर, साल, आधीच्या आवृत्त्या सगळं. ब्रास बर्मिंगहॅम २०१८ चा, पण त्याचं मूळ मार्टिन वॉलेसच्या २००७ च्या ब्रासमध्ये. पॅक्स पामिरची सेकंड एडिशन २०१९ ची आणि पहिली २०१५ ची, दोन्हीत एवढा फरक आहे की एकीवरून दुसरीबद्दल बोलूच नये. तुमच्या हातात कुठली आवृत्ती आहे हे पहिल्या दोन ओळीतच लिहून टाका, नाहीतर वाचणारा भलताच बॉक्स घेऊन बसतो.

पायरी २: गेम मिळवा, आणि कसा मिळवला ते सांगा

विकत घ्या, मित्राचा आणा, बोर्ड गेम कॅफेत जाऊन खेळा, काही फरक पडत नाही. कॅफेचा फायदा असा की पैसे न अडकवता दोन-तीन गेम चाखून होतात आणि टेबलावर अनोळखी माणसं असतात, त्यामुळे आपल्या घरच्या ग्रुपच्या सवयी बाजूला पडतात.

पब्लिशरने किंवा दुकानदाराने फुकट कॉपी दिली तर तसं स्पष्ट लिहा, अगदी सुरुवातीलाच. हा नुसता सभ्यपणाचा भाग नाही, आपल्याकडे एएससीआयने (जाहिरातींवर लक्ष ठेवणारी संस्था) २०२१ मध्ये इन्फ्लुएन्सर लोकांसाठी जे नियम काढले त्यात फुकट मिळालेल्या वस्तूचाही उल्लेख करायला सांगितलंय. क्राउडफंडिंग, म्हणजे गेम बनवायला लोकांकडून आगाऊ पैसे गोळा करणं, सुरू व्हायच्या आधीचा प्रोटोटाइप (कच्चा नमुना) हातात आला असेल तर तेही लिहा, कारण अंतिम बॉक्समध्ये नियम, चित्रं, पुठ्ठ्याची जाडी सगळंच बदलू शकतं. प्रोटोटाइपवर लिहिलेल्याला मी तरी रिव्ह्यू म्हणणार नाही, पहिली ओळख म्हणा फार तर.

पायरी ३: बॉक्स उघडताना घाई नको

टोकन पुठ्ठ्यातून सोडवायच्या आधी पंचबोर्डचे फोटो काढून ठेवा, नंतर एखादं टोकन कमी निघालं तर पब्लिशरला पाठवायला उपयोगी पडतात आणि बरेच पब्लिशर सुटा भाग पाठवतातही. नियमपुस्तकाच्या मागे किंवा पुढे सामानाची यादी असते तिच्याशी सगळं मोजून घ्या, कंटाळवाणं आहे पण करा.

नियमपुस्तक डाव सुरू व्हायच्या आदल्या दिवशी वाचा. बहुतेक पब्लिशर पीडीएफ टाकतात, तेव्हा गेम हातात नसतानाही वाचता येतं. कुठे अडखळलात तिथे पेन्सिलने खूण करा. ही खूण म्हणजे रिव्ह्यूचा पहिला माल. तुम्ही दोनदा वाचून ज्या नियमावर अडलात त्याच नियमावर तुमचा वाचकही अडणार आहे.

बॉक्सवरच्या वयाबद्दल एक गोष्ट. १४+ लिहिलंय म्हणजे गेम अवघड आहे असं नाही. लहान मुलांच्या खेळण्यांना सेफ्टी टेस्टिंग लागतं, ते खर्चिक असतं, आणि आपल्याकडे तर १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) मार्क सक्तीचा झालाय, त्यामुळे बरेचजण सरळ १४+ छापून मोकळे होतात. दहा वर्षांच्या पोराला हा गेम झेपेल का हे तुम्ही खेळून सांगा, बॉक्सचं ऐकून नको.

पायरी ४: खेळा. परत खेळा. वेगळ्या माणसांबरोबर खेळा

एका डावावर रिव्ह्यू लिहू नका एवढं एक पाळलंत तरी अर्ध्या लोकांच्या पुढे जाल. पहिला डाव नियम शिकण्यातच जातो, दुसऱ्यात चाली दिसायला लागतात, तिसऱ्यात कळतं की गेममध्ये पुढे काही आहे की झालं एवढंच. आणि माणसांची संख्या बदला. बॉक्सवर २ ते ४ लिहिलेलं असतं, पण दोघांत मस्त आणि चौघांत रटाळ असे गेम खूप आहेत, उलटेही आहेत. नवराबायको दोघंच खेळणार असतील तर त्यांना चौघांच्या डावाचं वर्णन वाचून काय मिळणार?

वेळ लावा. बॉक्सवरची ४५ मिनिटं म्हणजे ज्यांना गेम पाठ आहे अशांची. तुम्ही सामान मांडायला लागलेला वेळ, शिकवायला लागलेला वेळ आणि खेळायला लागलेला वेळ वेगवेगळा लिहा. जेवणं आटपून साडेनऊला बसलेल्या माणसाला हेच हवं असतं.

मग भाषा. आपल्यासाठी हा फार मोठा मुद्दा आहे आणि इंग्रजी रिव्ह्यूंमध्ये तो जवळपास नसतोच. अझुल मांडा, फरशांचे पाच रंग, लिहिलेलं काही वाचावं लागत नाही, आजी पण बसू शकते. विंगस्पॅनमध्ये १७० पक्ष्यांची कार्डं आणि जवळपास प्रत्येकावर वाचायला काहीतरी आहे, शिवाय ती कार्डं तुमच्या हातात लपवलेली, म्हणजे शेजारच्याला विचारताही येत नाही. आत्याला इंग्रजी वाचायचा कंटाळा असेल तर विंगस्पॅन कितीही सुंदर असला तरी तिसऱ्या फेरीला ती चहा ठेवायला उठणार. हे लिहा ना. मराठीत लिहायचा फायदाच हा आहे.

रंगही बघा. ट्यूबलाइटच्या पिवळट उजेडात जांभळा आणि निळा वेगळा कळतो का, रंगांधळ्या माणसाला काही खूण आहे का.

पायरी ५: वहीत काय टिपायचं

डाव चालू असताना फार लिहीत बसू नका, लोक वैतागतात. मी फोनवर तुटक तुटक शब्द टाकतो आणि डाव संपल्यावर लगेच, लोक निघायच्या आत, प्रत्येकाला एकच प्रश्न विचारतो: उद्या परत काढला तर बसशील का? "छान आहे" म्हणणारे खूप असतात, परत बसणारे कमी.

टिपायच्या गोष्टी साधारण ह्या: कोण कधी फोनकडे वळलं. कोणाला स्वतःची पाळी आली हे सांगावं लागलं. कुठला नियम तीनदा विचारला गेला. हरणाऱ्याला आपण हरणार हे किती आधी कळलं, कारण अर्ध्या तासाआधी कळलं असेल तर उरलेला अर्धा तास तो फक्त तुमच्यावर उपकार म्हणून बसलाय. आणि वस्तूंबद्दल वेगळा कप्पा करा: काय घसरलं, काय सांडलं, काय उचलता येत नव्हतं, काय कोणीतरी सतत बोटात फिरवत होतं. हा कप्पा पुढे डिलक्सला लागणार आहे.

पायरी ६: आता लिहा, आणि नियम कमी लिहा

नवख्याचा रिव्ह्यू म्हणजे हजार शब्दांचं नियमपुस्तक आणि शेवटी दोन ओळी "आम्हाला आवडला". उलटं करा. आपल्या पाळीला माणूस काय करतो आणि त्यात कसला विचार करावा लागतो एवढंच तीन-चार वाक्यांत सांगा.

आणि आपल्याकडे पत्त्यांची एवढी भाषा पडलीय ती वापरा. उदाहरण घेऊ, द क्रू. २०१९ चा गेम, थॉमस झिंगचा, २०२० चं केनरश्पील मिळालं. इंग्रजीत हा समजावायला आधी ट्रिक, म्हणजे पत्त्यातला आपला हात, काय ते सांगावं लागतं. मराठीत? चार रंग, एक ते नऊ पानं, आणि चार रॉकेटं, रॉकेट हा कायमचा हुकूम. उतारीचा रंग असेल तर तोच टाकायचा, मोठ्या पानाला हात. फक्त इथे सगळे एकाच बाजूला आहेत, अमुक पान अमक्याच्याच हातात पडलं पाहिजे असं काम मिळतं, आणि बोलायची बंदी, जवळजवळ मुकेपणाने खेळायचं. झाला की गेम सांगून! ज्याने आयुष्यात मेंढीकोट खेळलाय तो हे वाचून लगेच पत्ते पिसायला घेईल. मग उरलेली जागा महत्त्वाच्या गोष्टीला द्या, की पन्नास मिशन आहेत, सोप्यापासून चढत जातात, आणि मेंढीकोटात खुणा करणारे आपले काका लोक इथे कसे कासावीस होतात.

तसंच डाव, पट, सोंगटी, फासे, दान, वाटणं, कापणं हे सगळे शब्द आहेतच. जिथे नाहीत तिथे मीपल (माणसाच्या आकाराची सोंगटी), टोकन, डेक (पत्त्यांचा गठ्ठा), इंजिन बिल्डिंग (एकातून दुसरं मिळत जाईल अशी जुळणी करणं) असं सरळ लिहा, ओढूनताणून मराठी करायची गरज नाही.

थीमबद्दल आपल्याकडे काही बोलायला असेल तर सोडू नका. कोल वेर्लचा जॉन कंपनी घ्या, सेकंड एडिशन २०२२ ची. खेळाडू म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीत शिरलेली इंग्रज घराणी, आणि पटावर मुंबई, मद्रास, बंगाल, म्हैसूर, हैदराबाद यांच्याबरोबर मराठा हा एक प्रदेश आहे, ज्यावर तुम्ही इंग्रज होऊन फौज पाठवता. गेम कंपनीचं कौतुक करत नाही, उलट लोभी माणसं एकत्र येऊन कशी माती करतात हेच दाखवतो, पण हे खेळताना पुण्यातल्या टेबलावर जे वाटतं ते लंडनमधल्या रिव्ह्यूअरला वाटणार नाही. ते तुम्हीच लिहायचं. तसाच मुंबईच्या मीमसिस कल्चर लॅबचा शासन, झैन मेमनचा, २०१९ मध्ये किकस्टार्टर ह्या क्राउडफंडिंगच्या साइटवर आलेला. धोरणाच्या प्रश्नांना उत्तरं देत निधी, वजन, मीडिया आणि विश्वास कमवायचा आणि त्यातून मतदार गोळा करायचे. निवडणुकीच्या दिवसांत हा टेबलावर काढला की गेम बाजूला राहतो आणि खरी भांडणं सुरू होतात, आणि ही गोष्ट फायदा आहे की तोटा ते तुमच्या ग्रुपवर आहे.

शेवटी "कोणासाठी आहे, कोणासाठी नाही" हे लिहाच, आणि "कोणासाठी नाही" जास्त नीट लिहा.

पायरी ७: मार्क द्या, पण जपून

बोर्डगेमगीकवर १ ते १० असे मार्क देतात आणि गेम किती जड आहे त्याचं वेगळं माप १ ते ५. दहा म्हणजे कधीही खेळायला बोलवा, मी तयार. ह्या दोन आकड्यांची गल्लत करू नका, जड म्हणजे चांगला असं अजिबात नाही. गेम नवीन असताना सगळेच आठ-नऊ देत सुटतात. मार्क द्यायचेच असतील तर दोन-तीन महिन्यांनी द्या, तोवर "अजून खेळतोय" लिहा, कोणी मारत नाही.

पायरी ८: डिलक्सची इच्छा (इथे जरा थांबूया)

डिलक्स म्हणजे काय काय असतं: धातूची नाणी, पोकर चिप, दुहेरी थराचे प्लेयर बोर्ड म्हणजे ज्यात क्यूब (छोटे चौकोनी ठोकळे) बसायला खोबणी असते, छापील चित्रांचे लाकडी मीपल, निओप्रीनची (रबरासारखी मऊ) मॅट, सामान नीट बसणारे ट्रे, मिनिएचर, आणि बॉक्सवर चमचम. सगळं बघून तोंडाला पाणी सुटतं. पण विशलिस्ट लिहिताना मी एकच कसोटी लावतो, हात तिथे किती वेळा जातो?

स्प्लेंडर बघा, २०१४ चा. चाळीस चिप, नेहमीच्या बॉक्समध्येच जड, वजनदार. पाळीला तुम्ही चिपच उचलता, चिपच परत करता. पब्लिशरने पैसे बरोब्बर तिथे घातले जिथे हात जातो, आणि म्हणून त्याची डिलक्स आली नाही तरी कोणाचं काही अडत नाही. हाच गेम पातळ पुठ्ठ्याच्या टोकनांनी आला असता तर इतका चालला असता का, मला शंका आहे.

ब्रास बर्मिंगहॅममध्ये साध्या बॉक्सला पुठ्ठ्याचे पैसे आणि डिलक्सला पोकर चिप. सबंध डाव पैसे देणं-घेणं चालू असतं, आणि कोणी किती खर्च केला त्यावर पुढच्या फेरीतली पाळी ठरते, म्हणजे ते पैसे समोर मांडून ठेवावे लागतात. तिथे चिपची इच्छा योग्यच आहे.

आता टेराफॉर्मिंग मार्स, २०१६. गेम जबरदस्त, पण प्लेयर बोर्ड म्हणजे पातळ कागदाचा तुकडा आणि त्यावर गुळगुळीत क्यूब, कोणी टेबलाला गुडघा लावला की तुमचं सगळं उत्पादन सरकलं, आता आठवा स्टील तीन होतं की चार. लोकांनी वरून बसवायच्या खोबणीवाल्या पट्ट्या बनवल्या, विकल्या, घेतल्या. पुढे बिग बॉक्स आला त्यात त्रिमितीय टाइल होत्या, शहरं, जंगलं, दिसायला झकास. पण मला कोणी विचारलं असतं तर मी म्हणालो असतो की जंगलं राहू द्या, आधी खोबणी द्या. टाइल एकदा ठेवली की ठेवली, क्यूब तर प्रत्येक फेरीला हलतात.

पॅक्स पामिरची सेकंड एडिशन हे माझ्या मते उत्तम उदाहरण. कापडाचा नकाशा, आणि जड गुळगुळीत ठोकळे. ठोकळा उभा ठेवला की फौज, आडवा ठेवला की रस्ता. वस्तू देखणी आहे आणि तीच नियमही सांगते, वेगळं टोकन नको, वेगळं चिन्ह नको.

उलट बाजूलाही बघा. द कॅसल्स ऑफ बरगंडी, स्टेफान फेल्डचा, २०११. मूळ आवृत्तीचे रंग बघून कोणाला वाटणारही नाही की आत इतका चांगला गेम आहे, सगळं फिकट, चिन्हं बारीक. त्यामुळे स्पेशल एडिशनची मागणी मनापासून होती आणि २०२२ मध्ये किकस्टार्टरसारख्याच गेमफाउंडवर ती आली, भलीमोठी, त्यात मिनिएचर किल्ले पण. मागणी रास्त, पण किल्ल्यांशिवाय नुसती मोठी चिन्हं आणि जाड बोर्ड एवढंच देऊनही बहुतेकांचं समाधान झालं असतं. मिनिएचर आले की बॉक्स फुगतो. मुंबईच्या वन बीएचकेत माळ्यावर आधीच सुटकेसी आणि दिवाळीचे कंदील आहेत, तिथे हा बॉक्स जाणार कुठे? ग्लूमहेवनचा २०१७ चा बॉक्स जवळपास दहा किलोचा आहे, तो मित्राकडे न्यायचा तर रिक्षाच करावी लागते.

एक गंमत सांगतो. साधी आणि डिलक्स हे काही आजच्या बोर्ड गेमवाल्यांनी शोधलेलं नाही. सावंतवाडीचा गंजिफा बघा, हाताने रंगवलेली गोल पानं, दशावताराच्या संचात दहा रंग, प्रत्येकात बारा, एकूण १२० पानं. त्यात पूर्वीपासून दोन तऱ्हा, बाजार कलम म्हणजे सामान्यांसाठी साधं काम आणि दरबारी कलम म्हणजे राजेरजवाड्यांसाठी नक्षीदार किनारीचं. खेळ तोच. राजवाड्यात आजही कारागीर बसून ही पानं रंगवतात, कोकणात गेलात तर बघून या.

तर मागणी लिहायची कशी? पब्लिशरला "प्लीज डिलक्स काढा" असं लिहून काही होत नाही. चार गोष्टी लिहा: अडचण काय, ती कोणत्या क्षणी येते, काय दिलं तर सुटेल, आणि काय नसलं तरी चालेल. ह्यातली शेवटची सगळ्यात महत्त्वाची, कारण पब्लिशरला खर्च कुठे वाचवायचा हे कोणी सांगतच नाही. किती पैसे द्याल तेही लिहा, खरा आकडा.

नमुना म्हणून अझुलबद्दल असं लिहिता येईल: "फरशा सुंदर आहेत, त्यांना हात लावू नका. पण बोर्ड सपाट आहे, धक्का लागला की बोर्डावरच्या भिंतीत रचलेल्या फरशा सरकतात आणि स्कोअरचा काळा क्यूब कुठे होता ते कोणालाच आठवत नाही. क्रिस्टल मोझॅक एक्स्पान्शनमध्ये (वेगळ्या मिळणाऱ्या जोडसंचात) तुम्ही फरशा धरून ठेवणारी पारदर्शक झाकणं दिली, ती चांगली आहेत, पण पुढच्या छपाईत मूळ बोर्डालाच खोबणी द्या. त्यासाठी चार-पाचशे रुपये जास्त द्यायला मी तयार आहे. कापडी पिशवी भारीतली नको, सोनेरी बॉक्स नको."

बघा, इच्छा आहे, पण वाचणाऱ्याला त्यातून गेमही कळला. हा तुकडा जसाच्या तसा रिव्ह्यूच्या शेवटी टाकता येतो.

पायरी ९: डिलक्स घ्यायची वेळ आली तर

किकस्टार्टर किंवा गेमफाउंडवर पैसे भरणं म्हणजे दुकानातली खरेदी नाही, तिथे तुम्ही बनणाऱ्या गोष्टीला आगाऊ पैसे देताय, उशीर होतोच, कधी वर्षभराचा. आणि भारतात मागवायचं म्हणजे गेमची किंमत, मग शिपिंग, मग कस्टम ड्यूटी, त्यावर जीएसटी, आणि वर कुरिअरवाल्याची हँडलिंग फी. शिपिंग वजनावर असतं, म्हणजे धातूच्या नाण्यांचे पैसे तुम्ही दोनदा भरता, एकदा नाण्यांचे आणि एकदा त्यांच्या वजनाचे. त्यामुळे विशलिस्टमध्ये मी आवर्जून लिहितो की साधा बॉक्स इथल्या दुकानात येऊ द्या आणि नाणी-बोर्ड वगैरेचा अपग्रेड पॅक सुटा विका. ज्याला हवं तो घेईल. रिव्ह्यूत पण साध्या आणि डिलक्समधला फरक रुपयांत सांगा, हातात पडेपर्यंतच्या रुपयांत.

चार-पाच जण मिळून एकत्र मागवणं हा मधला रस्ता आहे, पण कोणाच्या पत्त्यावर येणार आणि ड्यूटी कोण भरणार हे आधीच ठरवा, नंतर मैत्रीत खडा नको.

पायरी १०: तोवर घरचं डिलक्स

सगळं मागवायलाच पाहिजे असं कुठंय. एक बरा पोकर चिपचा संच घेतला की तो पैशाच्या सगळ्या गेमना चालतो. रिसोर्स टोकन म्हणून चिंचोके आणि कवड्या मस्त लागतात हाताला, चिंचोके एका बाजूने घासून पांढरे केले की दोन प्रकारही झाले. फोमबोर्ड, कटर आणि फेविकॉल घेऊन एका रविवारी इन्सर्ट, म्हणजे बॉक्समधले कप्पे, बनतो, आधी कार्डं स्लीव्हसकट (कार्डांच्या प्लास्टिकच्या पाकिटांसकट) मोजा मात्र, नाहीतर कप्पा लहान पडतो.

स्लीव्ह घेताना माप बघून घ्या. नेहमीचं कार्ड साधारण ६३.५ बाय ८८ मिलिमीटर, छोटं मिनी युरो ४५ बाय ६८. आणि पावसाळ्यात हे लाड नाहीत, गरज आहे. जुलैत कार्डं केळीच्या सालीसारखी वाकतात, कोकणात तर विचारूच नका. बॉक्समध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाका, बॉक्स बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, आणि अधूनमधून बाहेर काढून खेळा, हा सगळ्यात चांगला उपाय. कार्डं आर्द्रतेने किती वाकली हेही रिव्ह्यूत येऊ द्या, थंड कोरड्या देशात बसून लिहिणाऱ्याला हे कळणारच नाही.

पायरी ११: लिहून झाल्यावर

टाकायच्या आधी ज्यांच्याबरोबर खेळलात त्यातल्या एकाला वाचायला द्या, शक्यतो हरलेल्याला. नियमाबद्दल काही दावा केला असेल तर बोर्डगेमगीकवर त्या गेमच्या पानावर जाऊन एकदा खात्री करा, पुष्कळदा "गेम बिघडलेला आहे" अशी तक्रार ही खरं तर एक नियम चुकीचा वाचल्याची असते.

फोटो तीन पुरेत: मांडलेला पूर्ण पट वरून, एका खेळाडूच्या बाजूने दिसतं तसं, आणि हातात धरलेलं एखादं टोकन, म्हणजे आकार कळतो. दिवसा खिडकीजवळ काढा, फ्लॅशने कार्डं चमकतात आणि काही दिसत नाही.

आणि वर्षभराने तोच रिव्ह्यू उघडून खाली तारीख घालून दोन ओळी जोडा, गेम अजून कपाटात आहे की विकला, शेवटचा कधी काढला, एक्स्पान्शन घेतलं का, डिलक्स निघाली का आणि तुमच्या यादीतलं त्यात काय आलं. मार्क बदलायचे असतील तर तेव्हा बदला.